पहारा हवा, छळ नको

संपादक महोदय,

‘युद्धकैद्यांचे लाड कशाला?’ असा सूर हल्ली सर्रास ऐकू येतो. मी सैन्यात डॉक्टर होतो. जखमी कैद्याची पट्टी बदलताना दारात बंदूकधारी पहारेकरी असे, आणि तो हवाच. झडती, चौकशी, कुंपण यांना १९४९च्या तिसऱ्या जिनिव्हा कराराची आडकाठी नाही. पण नाव, हुद्दा, जन्मतारीख आणि लष्करी क्रमांक यापलीकडचे वदवून घेण्यासाठी कैद्याला मारता येत नाही. छावणीत आल्यावर आठवड्याच्या आत त्याला घरी खुशालीचे कार्ड पाठवू द्यावे लागते. त्या कार्डाने कुठली सीमा उघडी पडते? उलट, मारून काढलेल्या कबुलीवर विसंबून तुकडी धाडली, तर जीव आपल्याच जवानांचा जातो. रेड क्रॉसच्या प्रतिनिधींना कैद्यांशी साक्षीदाराविना बोलू द्या, ही तरतूदही त्याच करारात आहे. ती प्रत्येक छावणीत पाळली गेलीच पाहिजे.

– एक निवृत्त लष्करी डॉक्टर