रविवार मागून घे

डोंबिवली,
गुरुवार, रात्र

चि. सई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, नाटक सोडू का?" आणि मी "जेवलीस का, बाहेर पाऊस आहे का" असलं काहीतरी बोलून फोन आईच्या हातात दिला. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. एवढं सरळ विचारलंस आणि मी उत्तर टाळलं. फोनवर मला ते जमलं नसतं, म्हणून लिहायला बसलोय.

आधी हे सांगतो की तुला मालिका मिळाली याचा मला मनापासून आनंद झालाय. कुणाला सांगू नकोस असं तू बजावलं होतंस, तरी खालच्या मजल्यावर सांगून आलो. महिन्याचे २२ ते २५ दिवस शूटिंग, घोडबंदरच्या पलीकडचा सेट, १२ तासांची शिफ्ट, पैसे हातात यायला ९० दिवस, हे सगळं तू सांगितलंस ते मी वहीत लिहून ठेवलंय. पहिले तीन महिने रिक्षा, डबा, भाडं यांची काळजी करू नकोस. ती आमची.

आता नाटकाचं.

दिलीप प्रभावळकरांना मी पहिल्यांदा पाहिलं ते शेजारच्यांच्या टीव्हीवर. मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झालं, पण आमच्या चाळीत टीव्ही यायला पुढची काही वर्षं गेली. आख्ख्या मजल्यावर एकच संच. चिं. वि. जोशींच्या कथांवरची 'चिमणराव' लागली की दारात चपलांचा ढीग पडायचा आणि आम्ही पोरं खिडकीच्या गजांना लटकून बघायचो. चित्र कृष्णधवल आणि त्यात मुंग्या. चिमणराव प्रभावळकरांचा, गुंड्याभाऊ बाळ कर्व्यांचा. चिमणराव घाबरून बोलायला लागला की माझी आजी पदर तोंडाला लावून हसायची. प्रभावळकर तेव्हा जेमतेम तेहतीस-चौतीस वर्षांचे असतील. जीवरसायनशास्त्रात एम.एस्सी. केलेला, औषध कंपनीत नोकरी करणारा माणूस. तोवर रत्नाकर मतकरींच्या बालनाट्यात चेटकीण होऊन त्यांनी पोरांची भीतीने गाळण उडवलेली होती, पण ते आम्हाला कुठे ठाऊक! आमच्यासाठी ते चिमणरावच होते.

सई, इथे जरा थांब. एवढी घरोघर पोचलेली भूमिका नटाच्या अंगाला चिकटते. पुढची वीस वर्षं त्याला तेच भित्रे, गोंधळलेले गृहस्थ देऊ करतात, तोही घेत जातो, कारण घर चालतं. प्रभावळकरांचं तसं झालं नाही. का झालं नाही, यावर मी खूप विचार केलाय. माझ्या मते ते रंगमंचावरून हलले नाहीत म्हणून. टीव्हीनं त्यांना एक चेहरा दिला. नाटकात ते रोज तो चेहरा पुसायला उभे राहिले.

'हसवाफसवी' हे नाटक मी आणि तुझ्या आईनं शिवाजी मंदिर नाट्यगृहात पाहिलं, तू जन्मायच्या आधी. लिहिलेलं त्यांचंच, आणि सहा भूमिका त्यांच्याच. अंधार व्हायचा, उजेड पडायचा आणि समोर वेगळाच माणूस. दीप्ती लुकतुके म्हणून बाई होऊन आले तेव्हा आपल्या मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी मोठ्यानं विचारलं, "ही कोण?" नुसता विग आणि पोशाख असता तर आजोबांनी ओळखलं असतं. मान वेगळी होती. श्वास घ्यायची जागा वेगळी होती. आणि मग कृष्णराव हेरंबकर आले, संगीत नाटकातले जुने, थकलेले नट. तोवर हसून हसून पोट दुखत होतं. हेरंबकर बोलायला लागले आणि सगळं थिएटर हळूहळू गप्प झालं. तुझ्या आईनं माझा हात धरला. पन्नाशीही न गाठलेला तो माणूस त्या म्हाताऱ्याचे गुडघे कुठून घेऊन आला, हे मला अजून कळलेलं नाही.

हे कॅमेऱ्यासमोर येतं का? येतं, पण तिथे साठत नाही असं मला वाटतं. तूच सांगितलंस की सकाळी सीन हातात येतो, दुपारी शूट होतो आणि संध्याकाळी तू तो विसरतेस, कारण विसरावाच लागतो. नाटकात तेच वाक्य शंभराव्या प्रयोगाला तुला पुन्हा म्हणायचं असतं. साताऱ्याला ज्या जागी हशा आला तिथे पार्ल्याला येत नाही, आणि का आला नाही ते तुला रात्री बसमध्ये छळत राहतं. ते छळणंच तुझं शिक्षण आहे. त्याला सुट्टी देऊ नकोस.

पण मालिका म्हणजे हलकं काम, असं तुझ्या नाटकातली काही मंडळी म्हणतात ना, ते मात्र मनावर घेऊ नकोस. तुला आपल्या आजीची शेवटची वर्षं आठवतात? तू पाच वर्षांची होतीस. तिला जिना उतरवत नव्हता, नाट्यगृह तर दूरच. तेव्हा 'श्रीयुत गंगाधर टिपरे' लागायचं. प्रभावळकरांनीच वर्तमानपत्रात लिहिलेल्या 'अनुदिनी'वरून केलेली मालिका, दिग्दर्शन केदार शिंद्यांचं. २००१ ते २००५. तुझ्या आजीच्या लेखी आबा टिपरे हे आपल्याच घरातले होते. एकदा आबांना बरं नाही असा भाग होता, तर दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना तिनं मला विचारलं, "त्यांचं कसं आहे रे आता?" तू तिच्या मांडीवर होतीस. पलंगावरून न उठणाऱ्या बाईपर्यंत नट टीव्हीमुळेच पोचतो. तुझ्या मालिकेपुढेही अशा कितीतरी आज्या बसलेल्या असतील. त्यांच्यासाठी नीट काम कर. सीन कितीही घाईत आला तरी.

आणि त्याच आबांनी त्याआधी 'झपाटलेला'तला तात्या विंचू केला होता, 'चौकट राजा'तला नंदू केला होता, आणि टिपरे संपल्यावर हिंदीत 'लगे रहो मुन्नाभाई'त गांधीजी केले, ज्यासाठी ('शेवरी'सोबत) त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चिमणराव, चेटकीण, विंचू, नंदू, आबा, गांधीजी. ही नावं एकाच्या खाली एक लिहून बघ. शिवाय मुलांसाठी बोक्या सातबंडे लिहिला, तो वेगळाच.

आता जे फोनवर बोलता आलं नाही ते.

तुला मी लहानपणापासून सांगत आलो की बाबांची बदली झाली म्हणून नाटक सुटलं. ते खरं नाही. म्हणजे बदली झाली हे खरं आहे, पण नाटक तिच्यामुळे सुटलं नाही. १९८९ साली आमच्या बँकेच्या नाटकातलं माझं काम बघून एका व्यावसायिक निर्मात्यानं मला रिप्लेसमेंटसाठी, म्हणजे दुसऱ्या नटाच्या जागी उभं राहायला, बोलावलं. मोठी भूमिका नव्हती, पण तीन प्रवेश होते आणि त्यातला एक फार चांगला. आठ दिवस तालमीला गेलो. त्याच वेळी प्रमोशनची यादी लागली. मी निर्मात्याला जाऊन सांगितलं की बँक सोडत नाही. कुणी मला बँक सोडायला सांगितलंच नव्हतं. प्रयोग शनिवार-रविवारचे होते. बदलीची ऑर्डर त्यानंतर चार महिन्यांनी आली.

मी घाबरलो होतो, सई. तालमीत तिसऱ्या दिवशी एक वाक्य मला सापडेना. पाठ होतं, पण सापडत नव्हतं. दिग्दर्शक रागावला असता तर बरं झालं असतं, तो फक्त म्हणाला, "उद्या बघू." मला वाटलं, उद्याही नाही सापडलं तर? प्रमोशनची यादी आयती मिळाली आणि मी तिच्या आडोशाला उभा राहिलो. तुझ्या आईलासुद्धा हे मागच्या वर्षी सांगितलं.

निर्मात्याला दिलेलं बँकेचं कारण खरं तर टिकणारंच नव्हतं, कारण रवी पटवर्धन रिझर्व्ह बँकेत होते हे आम्हा सगळ्या बँकवाल्यांना माहीत होतं. नोकरी करून त्या माणसानं नाटकं केली, दूरदर्शनवर कामं केली. बाळ कर्वे महापालिकेत होते. पाचच्या लोकलनं दादरला उतरून तालमीला जाणाऱ्या माणसांनीच आपली रंगभूमी उभी केली. पटवर्धनांनी मतकरींच्या 'आरण्यक'मध्ये धृतराष्ट्र केला होता १९७४ साली. चार दशकांनंतर ते नाटक पुन्हा आलं तेव्हा ऐंशी ओलांडलेल्या पटवर्धनांनी तोच धृतराष्ट्र पुन्हा उभा केला, आणि विदुर प्रभावळकरांचा. तो प्रयोग बघायला मी एकटाच गेलो होतो, तुम्हाला कुणाला सांगितलं नव्हतं. मध्यंतरात चहा घ्यायला बाहेरसुद्धा आलो नाही. नाटक सुटून मला तोवर जवळजवळ तीस वर्षं झाली होती.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर असं आहे. मालिका घे. नाटक सोडू नकोस. सोमवारी प्रॉडक्शनवाल्यांशी बोलणं आहे ना, तेव्हा पैशाच्या आधी तारखांचं बोल. जाहीर झालेले प्रयोग त्यांच्या हातात दे आणि रविवार मागून घे. महिन्यातले सगळे नाही मिळाले तर दोन माग, पण करारात लिहून घे, तोंडी शब्दावर राहू नकोस. सेटवरून प्रयोगाला पोचायला दोन तास लागतील असं धर, तिसरी घंटा तुझ्यासाठी थांबत नाही. ते नाहीच म्हणाले तर मला फोन कर, रात्री कितीही वाजता. मग आपण दोघं बसून विचार करू. पण न मागताच सोडून देऊ नकोस. आणि तुला नाटक खरोखरच नको झालं असेल, तर तेही मला सांग, फक्त तारखांचं कारण पुढे करू नकोस. ते कारण मी ओळखतो.

तालमीत तुला दुसऱ्या अंकातलं ते पत्राचं वाक्य सापडत नाही असं आई म्हणाली. माझं जे वाक्य सापडत नव्हतं, ती संहिता अजून कपाटात आहे, पेन्सिलीच्या खुणांसकट. रविवारी घेऊन येतो. कदाचित तुझ्या काही कामाची नसेल, पण तुला दाखवायची आहे.

रविवारी सावित्रीबाई फुले नाट्यगृहातला चारचा प्रयोग ना? पास ठेवू नकोस, आम्ही तिकिटं काढलीत, सातवी रांग, मधली. आईनं ओल्या नारळाच्या करंज्या करायच्या ठरवल्यात, सगळ्यांपुरत्या, बॅकस्टेजच्या मुलांनाही. प्रयोग संपल्यावर आत येऊ. लगेच मेकअप उतरवू नकोस, आईला तुला तशीच बघायची आहे.

तुझा,
बाबा