रविवारी पहाटे भाट्याला जमायचंय

मंडळी, पावसाने आता पाठ फिरवलीये, आभाळ धुतल्यासारखं निवळलंय. येत्या रविवारी सकाळी ६ वाजता मोठी मालवाहू विमानं बघायला रत्नागिरीच्या भाट्ये किनाऱ्यावर सुरूच्या बनाजवळ भेटू. ९ पर्यंत थांबायचं, नंतर उन्हाची तिरीप डोळ्यांवर येते.

दुर्बीण, वही, पाणी आणि टोपी आणा. फ्लाइटरडार (कुठलं विमान कुठे उडतंय ते दाखवणारं अ‍ॅप) आधी बघू नका. आधी डोळ्यांनी ओळखा, मग ताडून पाहा. ताडताना कॉलसाइन (उड्डाणाचं रेडिओवरचं नाव) 'एडीबी'ने सुरू होणारा दिसला तर ते युक्रेनच्या अँटोनोव्ह एअरलाइन्स या मालवाहू कंपनीचं विमान, लगेच आवाज द्या!

मागच्या खेपेला निम्म्या लोकांनी इल्युशिन-७६ या मालवाहू विमानाला 'रुस्लान', म्हणजे अँटोनोव्हचं एएन-१२४, ठरवून टाकलं (त्यात मीही होतो). दोघांचे पंख वरच्या बाजूला, दोघांना इंजिनं चार. मग शेपूट बघा. इल्युशिनची आडवी शेपटी उभ्या शेपटीच्या टोकावर, इंग्रजी टीसारखी. रुस्लानची खाली धडालाच जोडलेली. सी-१७ या अमेरिकी बनावटीच्या लष्करी मालवाहू विमानाचीही शेपूट टीसारखीच, पण पंखांची टोकं वर वळलेली असतात. एअरबसचं बेलुगा विमान ओळखायला कोणी चुकणार नाही, कपाळाला टेंगूळ आलेला मासाच तो.

सहा इंजिनांचं 'म्रिया' (अँटोनोव्हचं एएन-२२५) दिसल्याची नोंद कृपया करू नये. ते एकमेव विमान फेब्रुवारी २०२२ मध्ये युक्रेनमधल्या होस्तोमेलच्या विमानतळावर युद्धात नष्ट झालं.

नियम दोनच:
– विमानतळ आणि तटरक्षक दलाच्या आवाराकडे कॅमेरा वळवायचा नाही. ड्रोन तर नाहीच.
– नोंदीत वेळ, दिशा आणि इंजिनांची संख्या हवीच. 'मोठं होतं' एवढ्याने चालत नाही.

येणाऱ्यांनी शनिवारी रात्रीपर्यंत इथेच कळवा, चहाचा थर्मास किती मोठा घ्यायचा ते ठरवायचंय.