दुसऱ्याच्या वावरात फुकट राबण्याबद्दल

बर्लिन, 19 एप्रिल 2026

ती. आई आणि अप्पा यांना साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू मारलेला टोमणा चांगलाच झोंबला. "घरी असताना भांगलायला हाक मारली की तुझा अभ्यास निघायचा, आणि आता तिकडं जाऊन लोकांच्या वावरात फुकट राबतेस!" मी हसून विषय बदलला, पण उत्तर द्यायचं राहिलं. फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस, म्हणून लिहूनच पाठवते. अप्पा, तुम्ही वाचून दाखवा, आणि मधली वाक्यं गाळू नका.

पहिली गोष्ट म्हणजे ते वावर नाहीच. तो विमानतळ आहे, टेंपेलहोफ नावाचा. 1948 मध्ये रशियानं पश्चिम बर्लिनच्या वाटा अडवल्या, तेव्हा अमेरिकन आणि ब्रिटिश विमानांनी महिनोन् महिने कोळसा, पीठ, दूधपावडर आणून शहर जगवलं. ती विमानं जिथं उतरायची त्या विमानतळांपैकी हा एक. 2008 मध्ये तो बंद झाला आणि 2010 मध्ये लोकांना फिरायला मोकळा झाला. शहराच्या मधोमध सुमारे 300 हेक्टर मोकळं रान! धावपट्ट्या तशाच आहेत, त्यांवर पोरं सायकली आणि पतंग घेऊन हुंदडतात. सरकारनं कडेनं घरं बांधायचं काढलं, तर लोकांनी सह्या जमवून सार्वमत घ्यायला लावलं आणि 2014 मध्ये ते जिंकलं. वाद अजून मिटलेला नाही. भाडी आभाळाला भिडलेली असताना एवढी जागा रिकामी का ठेवायची, असं म्हणणारेही पुष्कळ आहेत. खोली शोधताना माझे जे हाल झाले ते आठवले की मला त्यांचंही पटतं. मग मैदानावर गेले की परत नाही पटत.

तर या मैदानाच्या एका कोपऱ्यात 2011 पासून सामायिक बाग आहे, अल्मेंडे-कोंटोर. तिथं जमीन खणायला परवानगी नाही, त्यामुळे सगळे वाफे जमिनीच्या वर. लाकडी पॅलेटच्या पेट्या, जुनी कपाटं आडवी पाडून, एक तर चक्क न्हाणीघरातला टब, त्यात माती आणि कंपोस्ट भरून टोमॅटो, पालक, स्ट्रॉबेरी. कुंपण नाही. येणारा-जाणारा टोमॅटो तोडतो, आणि तोडतोच. अप्पा, तुम्ही असता तर पहिल्याच दिवशी काटेरी तार ओढली असतीत. मैदानाची फाटकं मात्र अंधार पडला की बंद होतात. आता वसंतात गवताचे मोठे पट्टे दोरी लावून अडवले आहेत, कारण चंडोल जमिनीवर घरटी करतात. कुत्र्यांना आणि माणसांना जुलैपर्यंत आत मज्जाव.

इथं येणारी पोरं कोण, असं तू विचारलं होतंस. माझ्यासारखे विद्यार्थी बरेच. एक सीरियातून आलेला मुलगा आहे, त्याच्या वाफ्यातला पुदिना सगळी बाग चहाला वापरते. आणि काही अठरा-एकोणीस वर्षांची जर्मन मुलं-मुली, ज्यांना बघून मला सारखा आपला धाकटा आठवतो. त्यांच्याबद्दलच खरं लिहायचंय.

त्यातली एक मुलगी मला मार्चमध्ये शहराबाहेर भेक, म्हणजे ते खरबरीत पाठीचे बेडकासारखे प्राणी, उचलायला घेऊन गेली. हसू नकोस आई, ऐक. थंडी सरत आली आणि पहिला उबदार पाऊस झाला की जंगलात थंडीभर दडून बसलेले भेक तळ्याकडे निघतात, अंडी घालायला. आपण जन्मलो त्याच तळ्याकडे जायचं, असा त्यांचा हट्ट. मध्ये डांबरी रस्ता आला तरी ते वाट बदलत नाहीत, आणि रात्रीतून शेकड्यांनी चिरडले जातात. म्हणून रस्त्याच्या कडेनं गुडघाभर उंचीचं कापडी कुंपण लावतात आणि त्याला लागून ठरावीक अंतरावर बादल्या जमिनीत काठोकाठ पुरतात. भेक कुंपणाला अडतो, कडेकडेनं सरकतो आणि बादलीत पडतो. सकाळी उजाडायच्या सुमारास पोरांनी जायचं, बादली बादली बघायची, नर किती, माद्या किती, बेडूक वेगळे, सगळं वहीत टिपायचं आणि रस्ता ओलांडून तळ्याच्या बाजूला सोडायचं. प्रत्येक बादलीत एक काडी तिरकी उभी ठेवलेली असते. कशाला, म्हणून विचारलं, तर चुकून उंदीर किंवा भुंगा पडला तर त्याला चढून जाता यावं म्हणून! पहिला भेक उचलताना अंगावर काटा आला. थंडगार, खरबरीत, आणि पाठीवर त्याच्या निम्म्या आकाराचा नर घट्ट मिठी मारून बसलेला. तो सुटतच नाही, जोडीनंच उचलायचे.

ही मुलगी बारावीनंतर लगेच कॉलेजात गेली नाही. जर्मनीत मुलांना एक वर्ष पर्यावरणाच्या कामाला देता येतं, 1993 पासून त्याचा कायदाच आहे. शाळा संपल्यापासून सत्ताविशीच्या आत कुणालाही चालतं. अभयारण्यात, शाळेच्या बागेत, सेंद्रिय शेतावर, पक्ष्यांच्या संस्थेत, जिथं जागा मिळेल तिथं. हातखर्चाला थोडे पैसे मिळतात, आरोग्य विमा मिळतो, वर्षात 25 दिवस शिबिरं असतात आणि शेवटी प्रमाणपत्र. सप्टेंबरच्या आसपास नवी तुकडी येते, जुनी जाते. त्या पैशात श्रीमंती होत नाही. बरीच पोरं आईबापांच्या घरी राहूनच हे करतात, आणि ज्यांना घरून आधार नाही त्यांना ते जड जातं, हे तिनंच सांगितलं. पण वर्ष वाया गेलं असं कुणी म्हणत नाही. उलट नोकरीच्या अर्जात ते लिहितात.

दुसरा प्रकार शहरातल्या झाडांचा. 2018 ते 2020 इथं ओळीनं कोरडे उन्हाळे गेले आणि रस्त्याकडेची झाडं वाळायला लागली. तेव्हा एक नकाशा तयार झाला, 'गीस देन कीत्स' नावाचा. त्यात शहरातलं झाड न् झाड दिसतं: जात, वय, गेल्या महिन्यात त्याच्यावर किती पाऊस पडला. आपण एखादं झाड दत्तक घ्यायचं, पाणी घातलं की नोंद करायची, म्हणजे दुसरा येऊन त्यालाच घालत नाही. आणि पाणी कुठून? हापशावरून! अप्पा, खरंच. बर्लिनच्या फुटपाथवर हिरव्या रंगाचे बिडाचे हापसे आहेत, सुमारे दोन हजार. युद्ध-आपत्तीत नळ बंद पडले तर असावेत म्हणून राखलेले, ते पाणी पिण्याचं नाही. माझ्या वाट्याला एक लिंडनचं पोरगेलं झाड आहे. रोज तांब्या-तांब्या घालायचं नाही, मुळं वरच राहतात. आठवड्यानं एकदा, पण बादल्या भरभरून. मी दांडा मारते आणि समोरच्या दुकानातला तुर्की म्हातारा बाहेर येऊन बघतो. मोठे हिसके नको, बारीक आणि सलग मार, असं त्यानं शिकवायच्या आधीच मला येतं, हे त्याला पटत नाही.

आता माझं उत्तर. आई, आपल्या कोरेगाव तालुक्यानं 2016 चा वॉटर कप, ती गावागावांतली पाणी अडवायची स्पर्धा, पाहिलाय. वेळू गावानं पहिला नंबर काढला तेव्हा आपल्याकडंही पहाटे पाचला भोंगा वाजायचा, अख्खं गाव डोंगरावर चर खणायला. मीही होते, हाताला फोड आले होते, आणि धाकटा बाटल्या भरून पाणी वाटत फिरायचा. तेव्हा मला कुणी ढकललं नव्हतं. कॉलेजात एनएसएसच्या शिबिरातही झाडं लावली. सात दिवस, रात्री गाणी, निरोपाला रडारड. त्या झाडांना मे महिन्यात पाणी कुणी घातलं, ते मी कधी विचारलं नाही, आणि सरांनीही सांगितलं नाही. माझी खात्री आहे की कुणीच घातलं नाही.

इथल्या पोरांना आपल्यापेक्षा निसर्गाचं प्रेम जास्त आहे असं मला दिसत नाही. त्यातली निम्मी तर सोबतीला येतात, एकटेपणा इथं फार आहे. फरक आहे तो पाळीत. शेडच्या दाराला तक्ता: या आठवड्यात पाणी कुणाचं, चावी कुणाकडे, कंपोस्ट कोण उलथवणार. महिन्यातून एकदा बैठक, आणि ती इतकी कंटाळवाणी की तुमची सोसायटीची सभा बरी म्हणावी. मागच्या वेळी नळीला कुठली तोटी बसवायची यावर तास गेला. दोघं भांडून उठून गेले, पण आपल्या पाळीला दोघेही आले. सुट्टीत गाव रिकामं होतं तेव्हा वाफे वाळतात, नाही असं नाही. पण तक्त्यावर नाव असलं की चार लोकांसमोर लाज वाटते, आणि ती लाज पुष्कळ कामं करून घेते.

म्हणून धाकट्याचं सांगते. बारावीचा निकाल लागला की त्याला एक वर्ष डोंगरावरच्या कामाला द्यायचंय, हे त्यानं मला सांगितलंय आणि तुम्हाला सांगायला तो घाबरतोय. आपल्याकडं या वर्षाला विमा नाही, हातखर्च नाही, प्रमाणपत्राला कुणी विचारत नाही, हे मला कळतं. त्यामुळे त्यानं कॉलेजला नाव घालावंच. पण शनिवार-रविवार त्याला सोडा. चर गाळानं भरलेत, ते उपसायचे आहेत आणि त्यासाठी त्याच्याकडं पाच-सहा पोरं आहेत. अप्पा, तुम्ही त्यांना फक्त तक्ता करून द्या, कुणाची पाळी कधी. तुमच्या अक्षरात असला तर कुणी चुकवणार नाही.

घेवड्याचं तुम्ही विचारलं होतं. आपलं बी इथं आणायला कायद्यानं अडचण आहे, म्हणून आणलं नाही. पण शेजारच्या वाफ्यातल्या बाईंनी ठिपक्यांचं बी दिलंय, दिसायला थेट आपला वाघ्या घेवडा. इतक्यात पेरू नको म्हणाल्या. 15 मेपर्यंत कधीही दहिवर पडून रोप जळतं, म्हणून इथले जुने लोक तोवर थांबतात. अप्पा, यांचीही नक्षत्रं आहेत! एक सांगा, पेटीत माती जेमतेम दीड वीत आहे, तर दोन बियांत अंतर किती ठेवू? आणि गोगलगाईंवर काही उपाय? औषध चालत नाही, मीठ टाकलं तर बैठक बोलावतील.

शुक्रवारी माझे चार वाजता फोन करते, तुमचे साडेसात. धाकट्याला त्या वेळी घरी ठेवा.

तुमची,
चिऊ