आबा, काल मी पाच पबांत जाऊन आले

मिडल्सब्रो, इंग्लंड, रविवार सकाळ

तीर्थस्वरूप आबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

मी सुखरूप आहे. नाइट ड्युट्या संपल्या, आता चार दिवस सुट्टी. काल वॉर्डातल्या दोघींबरोबर व्हिटबीला गेले होते. इथून रेल्वेनं दीड तास, एस्क नदीच्या खोऱ्यातून. नदी जिथे समुद्राला मिळते तिथेच हे गाव, दोन्ही काठांवर चढत गेलेलं. तिथे एक म्हातारे गृहस्थ गावातल्या जुन्या पबांची पायी फेरी घडवतात. ‘पब’ म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर गुत्ता येणार हे मला माहीत आहे. माझ्याही यायचा. म्हणून सविस्तर लिहिते.

पब म्हणजे पब्लिक हाउस, चारचौघांचं घर. इथे लोक कुत्रं घेऊन येतात, पेपर वाचतात, शेकोटीजवळ नुसते बसतात. मी आल्याची ‘जिंजर बिअर’ घेतली. नावात बिअर असली तरी आल्याचं सरबतच ते. आणि खरं सांगते, एका ठिकाणी त्यांच्या ‘एल’चा, म्हणजे इथल्या बिअरचा, एक घोट चाखला. कडवट लागला, पण त्याच्या मागून जो वास आला तो थेट गुऱ्हाळातला, काहिलीच्या कडेला उभं राहिल्यावर येतो तसा. मोड आणून भाजलेल्या जवाचा वास आहे तो.

फेरी पुलापासून सुरू झाली. बोट आली की हा पूल दार उघडावं तसा बाजूला फिरतो. पलीकडे चर्च स्ट्रीट, आपल्या कोल्हापूरच्या महाद्वार रोडच्या आतल्या बोळांसारखी अरुंद, खाली दगडी फरशी. डॉल्फिन, ब्लॅक हॉर्स, व्हाइट हॉर्स अँड ग्रिफिन, बोर्ड इन आणि शेवटी ड्यूक ऑफ यॉर्क, सगळे पाच-दहा मिनिटांच्या अंतरात. प्रत्येकाच्या दारावर रंगवलेली पाटी. एल विकणाऱ्यानं दारावर खूण टांगलीच पाहिजे, असा हुकूम दुसऱ्या रिचर्ड राजाच्या काळात, १३९३ मध्ये निघाला. वाचता येणारे थोडे, म्हणून घोडा, मासा, जहाज असली चित्रं. काळ्या घोड्याच्या पबात काउंटरवर अजून तपकीर विकत मिळते! आजीची पितळी डबी आठवली आणि मी त्या घरात एकदम रुळले.

पण मला सर्वांत धरून ठेवलं ते खलाशांच्या गोष्टींनी. कॅप्टन कुक आमच्या मिडल्सब्रोजवळच्या मार्टनचा, जन्म १७२८ चा. व्हिटबीत तो जहाजमालकाकडे उमेदवारीला राहिला, ते घर पुलाजवळच्याच गल्लीत आहे. पुढे तो ज्या ‘एंडेव्हर’वरून ऑस्ट्रेलियाच्या पूर्व किनाऱ्याला लागला, ते जहाज याच गावात १७६४ साली कोळसा वाहायला बांधलेलं, सपाट बुडाचं. त्या काळी पिंपातलं पाणी प्रवासात नासायचं, म्हणून आरमारात माणशी रोज एक गॅलन बिअर मिळायची, म्हणजे साडेचार लिटर! हिरड्यांतून रक्त येऊन माणसं मरायची, त्यावर उपाय म्हणून कुकनं जवाचा काढा आणि आंबवलेला कोबी बरोबर नेला होता. काढ्याचा उपयोग फारसा नसणार, ‘क’ जीवनसत्त्व त्यात नावालाच असतं. कोबीत थोडं असतं. हे मी गाईडकाकांना सांगितलं तेव्हा ते थांबून नीट ऐकत होते.

दुसरी गोष्ट ऐकून अंगावर काटा आला. लढाई लागली की आरमाराची टोळी बंदरात उतरायची आणि खलाशांना जबरदस्तीनं उचलून न्यायची, बरेचदा पिण्याच्या ठिकाणांहूनच. महिनोन्‌महिने समुद्रात काढून घरी आलेला माणूस, बायकोला भेटायच्या आत पुन्हा जहाजावर. १७९३ मध्ये व्हिटबीचे लोक भडकले आणि त्यांनी त्या टोळीच्या मुक्कामाच्या घरावर हल्ला केला. गाईडकाका हे सांगत असताना आमच्या घोळक्यात कुणी बोललं नाही.

ड्यूक ऑफ यॉर्कच्या शेजारून १९९ पायऱ्या वर चर्चला जातात. पूर्वी खांदेकरी शवपेटी घेऊन या पायऱ्या चढायचे. मी चढले. वर वारा असा की ओढणी हातात गुंडाळून धरावी लागली. पलीकडे ६५७ साली स्थापन झालेल्या मठाचे अवशेष आणि खाली सगळं बंदर. जोतिबाच्या पायऱ्या तुम्ही मला मोजायला लावायचात, तशा या मोजल्या. दोन चुकल्या.

आता मुख्य गोष्ट. व्हाइट हॉर्समध्ये (तो १६८१ सालचा आहे) पंपाचा दांडा ओढून एल काढतात. तळघरातल्या पिंपात ते यीस्ट जिवंत असलेलं येतं, तिथेच मुरतं, आणि पिंप उघडलं की तीनेक दिवसांत संपवावं लागतं. बाटलीसारखं साठवून चालत नाही. म्हणून दुकानातून घरी नेण्यापेक्षा माणूस तिथे जाऊन पितो. हे ऐकताना मला गंगावेशीचा दूधकट्टा दिसला. म्हैस समोर उभी, गवळी ग्लासात धार काढतोय, फेस ओठाला लागतोय. तालमीतून आलेली पोरं, दुकान बंद करून आलेले व्यापारी, रिक्षावाले, सगळे त्या कट्ट्यावर. धारोष्ण दूधही घरी नेलं की तेच राहत नाही. तुम्ही मला खांद्यावर बसवून न्यायचात आणि आधी सगळ्यांची ख्यालीखुशाली विचारून मग ग्लास माझ्या हातात द्यायचात.

दारूचं कौतुक मी करणार नाही, आबा. त्याच दारूनं यकृत गेलेली माणसं आमच्या वॉर्डात येतात, वयानं दादाएवढी. त्यांना अंघोळ घालताना मला काय वाटतं ते पत्रात लिहिता येत नाही. पण एकेका पबाचा इतिहास माहीत असलेला माणूस त्या गावाला आहे आणि लोक तो पैसे देऊन ऐकतात, याचा मला हेवा वाटला. मागच्या दिवाळीत आले तेव्हा कट्ट्यावर म्हशी कमी दिसल्या. कुठल्या तालमीची पोरं कुठे उभी राहायची, पहिला ग्लास कुणाला, खासबागेत कुस्ती जिंकून आलेल्याला दूध कोण पाजायचं, हे तुमच्याइतकं सांगणारं घरात कुणी उरलेलं नाही.

दादाला फोनवर रेकॉर्डिंग चालू करायला लावा आणि रोज थोडं बोला. गंगावेशीतून सुरुवात करा. मी इथे ऐकून लिहून काढते, सुट्टीच्या दिवशी तेच काम.

आजीला सांगा, तिच्यासाठी व्हिटबीच्या जेटचे काळे मणी घेतलेत. दगडासारखे दिसतात, पण कोट्यवधी वर्षांपूर्वीचं लाकूड आहे ते. नवरा गेल्यावर राणी व्हिक्टोरियानं दुखवट्यात जेटचे दागिने घातले, तेव्हापासून इथे त्यांचा फार बोलबाला झाला. आपल्याकडे काळे मणी सौभाग्याचे, म्हणून मी बिनधास्त घेतले. मंगळसूत्रात ओवायचे की नाही, ते आजीनं ठरवावं.

गुडघ्याचं औषध जेवणानंतरच घ्या, उपाशीपोटी नको.

तुमची नात