उद्यमनगरच्या मामांना, एका मँड्रेलसाठी

आदरणीय मामा,
सप्रेम नमस्कार.

नाव छापलेलं तुम्हाला रुचायचं नाही, म्हणून नुसतं मामा लिहितो. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ज्यांना कळायचं त्यांना कळेलच.

माझ्या जुन्या लेथचा (खराद यंत्राचा) ४२ दातांचा चेंज गिअर, म्हणजे आटे पाडताना बदलून लावायचा गिअर, अखेर घरच्या शेडमध्येच तयार झाला. आटे पाडताना गिअर आता एकसुरात चालतात. पण मी आभार मानतोय ते मँड्रेलबद्दल, म्हणजे दात पाडताना गिअर ज्या दांड्यावर घट्ट धरतात त्याबद्दल. तुमच्याकडे आलो होतो ते मोड्यूल २ चा (मोड्यूल म्हणजे दाताचं माप), ३५ ते ५४ दातांसाठीचा कटर कुठं मिळेल एवढंच विचारायला. तुम्ही उलट विचारलंत, “ते राहू दे, ब्लँक कशावर धरणार हाईस?” ब्लँक म्हणजे दात पाडायच्या आधीची गोल चकती. आणि मँड्रेलसाठी रॅकवरचा ईएन २४ या मजबूत पोलादाचा तुकडा काढून हातात ठेवलात. पैशाचा विषयसुद्धा काढू दिला नाहीत.

दात कितीही सुबक पडले तरी ते बोअरशी (मधल्या भोकाशी) एककेंद्री नसतील, तर गिअर एका बाजूला दाबून आणि दुसऱ्या बाजूला सैल चालतो, दर फेरीला एकदा गुरगुरतो. इतकं स्वच्छ मला आधी कुणी सांगितलं नव्हतं. आधी ब्लँकचा बोअर रीमरनं नेमक्या मापाचा करायचा, मग त्याला जुळवून मँड्रेल दोन सेंटरमध्ये, म्हणजे दोन्ही टोकांच्या अणकुचीदार आधारांवर, खरादायचा, म्हणजे लेथवरून डिव्हायडिंग हेडवर (काम सारख्या भागांत फिरवणाऱ्या साधनावर) नेला तरी त्याचा अक्ष तोच राहतो. ब्लँकचा ८८ मिलिमीटर बाहेरचा व्यासही त्याच मँड्रेलवर चढवून काढायला लावलात.

आणि मँड्रेलवर ब्लँक आवळायचा तो नट! त्याचं तोंड तुम्ही तो मँड्रेलच्याच आट्यांवर बसवून फेस करून, म्हणजे खरादून सपाट करून घेतलंत. मी म्हटलं, नटाला एवढं कशाला? तुम्ही डायल (बारीकसा फरकही सुईनं दाखवणारं मापयंत्र) लावलात. बाजारचा नट आवळला तशी सुई सरकली. वाकड्या तोंडाचा नट आवळताना मँड्रेललाच वाकवतो. मग आपला नट आवळलात, सुई जागची हलली नाही. ते मी जन्मभर विसरणार नाही.

ब्लँकमागं बिडाची (ओतीव लोखंडाची) चकती ठेवायला सांगितलीत, तीही कामी आली. कटर बाहेर पडताना एकाही दाताची कड तुटली नाही. इंडेक्सिंग, म्हणजे दर दाताला ब्लँक नेमकं फिरवणं, तर सोपंच निघालं: ४० ला १ चं हेड, म्हणजे हँडलच्या ४० फेऱ्यांना ब्लँकची एक फेरी; ४० भागिले ४२ म्हणजे २१ भोकांच्या वर्तुळावर २० भोकं, दर वेळी पूर्ण फेरीला एक भोक कमी. दातांची खोली साडेचार मिलिमीटर, ब्लँकही बिडाचं असल्यानं तेल न घालता कोरडंच कापलं.

शिरोली, गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत (औद्योगिक वसाहतीत) हॉबिंग मशीनवर, म्हणजे गिअर सलग कापणाऱ्या यंत्रावर, असले गिअर भराभर निघतात, पण माझ्या एका नगासाठी मशीन कोण लावणार? तुम्ही तुमची जेवणाची सुट्टी दिलीत, तीही ऑर्डरीची घाई असताना. कोल्हापूरच्या कारखानदारीचं कौतुक होतं तेव्हा मला तुमच्यासारखी माणसं आठवतात. शिकवायला त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

पुढच्या गिअरचा बोअर वेगळा आहे. त्याचा मँड्रेल मी स्वतः खरादतोय. हाच नट चालावा म्हणून आटे तेवढेच ठेवलेत. झाला की डायल लावायला तुमच्याकडेच घेऊन येतो. मामींना नमस्कार सांगा.

तुमचा,
फुलेवाडीचा भाचा