कार्ड खिशात, पण नाव यादीत?

पुणे

प्रिय सुहास,
सप्रेम नमस्कार.

"मतदार कार्ड आहे ना खिशात, मग झालं" असं तू फोनवर म्हणालास, म्हणून हे सविस्तर लिहितोय. कार्ड ही फक्त ओळख. हक्क देते ती यादी. यादीत नाव नसेल तर कार्ड दाखवूनही परत फिरावं लागतं. उलट कार्ड हरवलं पण नाव यादीत असलं, तर आधार, पॅन, पासपोर्ट, लायसन्स किंवा फोटो असलेलं बँकेचं पासबुक चालतं. घरी येणारी मतदार चिठ्ठी मात्र ओळखपत्र नव्हे.

तुझं नाव अजून सांगलीतच आहे. ते कोथरूडला आणायचं तर नमुना ८ भर. बरेच जण इथे चुकतात, नवीन मतदाराचा नमुना ६ भरून मोकळे होतात. मग नाव दोन ठिकाणी लागतं. कायद्याला ते चालत नाही, आणि "माझं नाव दुसरीकडे नाही" असं खोटं लिहून दिलं तर एक वर्षापर्यंतची शिक्षा आहे. नमुना ६ तुझ्या मुलीसाठी. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा धरतात. त्यांपैकी ज्या तारखेला तिला १८ पूर्ण असतील, तिच्यासाठी आधीच अर्ज करता येतो.

पत्त्याला वीजबिल किंवा नोंदणी केलेला भाडेकरार जोड. पुढचा टप्पा बीएलओच्या, म्हणजे घरी येऊन पत्ता तपासणाऱ्या केंद्रस्तरीय निवडणूक अधिकाऱ्याच्या भेटीचा, आणि अर्ज अडकतात ते इथेच. फ्लॅटच्या दारावर घरमालकाची पाटी, दिवसभर कुलूप, वॉचमन नवा. "इथे असं कुणी राहत नाही" एवढं एक वाक्य पुरतं. तेव्हा दारावर तुझ्या नावाची साधी चिठ्ठी लाव, वॉचमनला सांगून ठेव आणि अर्जात चालू मोबाइल नंबर दे.

हे सगळं निवडणूक जाहीर होण्याआधी. उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद. चौकशी आणि हरकतींना दिवस लागतात, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात केलेला अर्ज बहुधा वायाच. महापालिकेचं तर आणखी वेगळं. तिची स्वतंत्र नोंदणी नसतेच, विधानसभेचीच यादी ठरलेल्या तारखेची घेऊन प्रभागांत फोडतात. जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला १ जुलै २०२५ ची यादी धरली होती. दिवाळीत जागं होऊन काय उपयोग?

निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर नाव शोधताना कार्डाचा क्रमांक टाक. नावाने शोधलं तर राऊत-राउतच्या घोळात सापडत नाही. यादी भाग क्रमांक आणि अनुक्रमांक टिपून ठेव, केंद्रावर तेवढ्यावरच नाव मिळतं.

आतलं काम तसं सोपं. पहिला अधिकारी यादीत नाव पाहून मोठ्याने वाचतो, दुसरा नोंदवहीत सही घेतो आणि बोटाला शाई लावतो, तिसरा कंट्रोल युनिटवरून तुझ्यापुरतं मशीन खुलं करतो. निळं बटण दाबल्यावर लाल दिवा लागतो. लगेच वळू नकोस. शेजारच्या व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे दिलेल्या मताची चिठ्ठी छापणाऱ्या यंत्राच्या काचेत चिठ्ठी ७ सेकंद दिसते, उमेदवाराचा अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह तिन्ही तपास. महापालिकेला व्हीव्हीपॅट नसतं आणि पुण्यात बहुतेक प्रभागांत चार जागा, म्हणजे चार मतं. एकच बटण दाबून लोक बाहेर निघतात, मग अधिकारी हाका मारत बसतात. एखाद्या जागेला कुणीच नको असेल तर तिथे नोटा दाब.

तुझ्या नावावर आधीच कुणी मत टाकून गेला असेल तर भांडून घरी येऊ नकोस. "प्रदत्त मत द्यायचंय" असं केंद्राध्यक्षांना सांग. ओळख पटवून ते कागदी मतपत्रिका देतात. ती पाकिटात वेगळी ठेवतात आणि नेहमीच्या मोजणीत धरत नाहीत, हेही आधीच सांगतो. पण निकाल कोर्टात गेला तर तोच कागद उपयोगी पडतो.

काकांना ८५ पूर्ण झालीत ना? विधानसभा-लोकसभेला त्यांना घरून मत देता येतं. निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून पाच दिवसांत नमुना १२ड बीएलओकडे द्यावा लागतो. एकदा तो मंजूर झाला की मग केंद्रावर जाऊन मत देता येत नाही, तेव्हा आधी त्यांनाच विचार. काही म्हाताऱ्यांना रांगेत उभं राहूनच मत द्यायचं असतं.

संध्याकाळी उशीर झाला तरी वेळ संपायच्या आत रांगेत पोच. त्या क्षणी उभ्या असलेल्यांना रांगेच्या शेपटाकडून चिठ्ठ्या वाटतात, आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत घेतात.

नमुना ८ भरलास की संदर्भ क्रमांक मला पाठव, अर्ज कुठवर आला ते बघतो. वहिनींना नमस्कार, आणि त्यांचा नमुना ८ वेगळा भरायचा आहे हे विसरू नकोस.

तुझा,
अविनाश