जपानी मोगली आणि आपले पेंच

महोदय,

जपानी अ‍ॅनिमेशन म्हणजे पोरासोरांचे कार्टून, असे अजूनही घरोघरी ऐकू येते. माझ्या वयाच्या नागपूरकरांना त्याची गोडी लावली दूरदर्शनने. १९९३ मध्ये रविवारी सकाळी लागणारी ‘जंगल बुक’ मालिका मुळात जपानची, निप्पॉन अ‍ॅनिमेशनने १९८९ मध्ये केलेली. आम्हाला तेव्हा हे कुठे ठाऊक होते! शेरखान नाना पाटेकरांच्या आवाजात गुरगुरायचा आणि किपलिंगच्या गोष्टींतले सिवनीचे जंगल तर आपल्या पेंचच्याच पट्ट्यातले, त्यामुळे मोगली परका वाटलाच नाही. पण मला खिळवून ठेवले ते गोष्ट सांगण्याच्या पद्धतीने. ५२ भागांची सलग कथा. मोगली चुकतो, भितो, शिकतो आणि पुढच्या रविवारी तो थोडा बदललेला असतो. इतर कार्टूनमध्ये दर वेळी पहिले पाढे पंचावन्न असायचे.

पुढे मोठेपणी युगो साको आणि राम मोहन यांचा जपानी-भारतीय ‘रामायण’पट पाहिला आणि या कलेचा आवाका कळला. जानेवारी २०२५ मध्ये तो देशभर पुन्हा प्रदर्शित झाला.

आज असे चित्रपट हिंदी, तमिळ, तेलुगूत येतात. मराठीत का नाहीत? वितरकांनी निदान एक करून पाहावा. आपल्या पुरवणीतही अ‍ॅनिमेशनपटांचे परीक्षण इतर चित्रपटांइतक्याच गांभीर्याने छापावे, ही विनंती.

— एक वाचक, नागपूर